थंडीत ग्रीनच्या गवताची टोकं पांढरी पडतायत, मशीन खोलून ठेवू की चालू ठेवू?

घोडबंदरकर_७
नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला एका कॉम्प्लेक्सच्या आत ६ होलचं छोटं गोल्फ आहे, नाव लिहीत नाही, आमचे सेक्रेटरी सगळीकडे नजर ठेवून असतात. मी मूळचा बागकामवाला, आधीचा सुपरवायझर दिवाळीनंतर सोडून गेला आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात आला. ४ माळी, एक ट्रिपलेक्स (तीन रीलची, बसून चालवायची गवत कापायची मशीन), एक मागून चालत चालवायची ग्रीनची मशीन, दोन ब्रशकटर, ३ बॅटरीच्या कार्ट. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या भागात, टिफड्वार्फ आहे, म्हणजे शेवटी हरळीच.
यूट्यूबवर बघून थंडीची तयारी केली. ऑक्टोबरच्या शेवटापासून खत बंद, पाणी कमी. मेंबर म्हणाले बॉल हळू पळतो म्हणून कटिंग ३ मिमीवर आणलं. आता लांबून बघितलं तर ग्रीनवर पांढुरकी झाक दिसते, आणि दोन ग्रीनवर रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे वाळक्या रंगाचे ठिपके आलेत, सकाळी सकाळी त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी असतं, ऊन आलं की गायब. एका बाजूला टॉवर आणि दुसऱ्या बाजूला येऊरचा डोंगर, त्यामुळे ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. व्हिडिओत सगळे सांगतात हिवाळ्यात तेल-पेट्रोल काढा, मशीन खोला, धार लावायला पाठवा. पण इथे तर खेळणारे आत्ताच वाढलेत, शनिवार-रविवार उभं राहायला जागा नसते. मशीन कधी खोलू? आणि हे रोग आहे का मशीनचा प्रॉब्लेम?

वंगण_दादा
भाऊ पहिलं ते व्हिडिओ बघणं बंद कर. ती मंडळी बर्फातली, त्यांचा कोर्स ३-४ महिने बंद असतो म्हणून मशीन खोलून बसतात, आपला मशीन खोलायचा सीझन पावसाळा, जून ते सप्टेंबर. डिसेंबर-जानेवारीत आपली मशीन सगळ्यात जास्त पळते, तेव्हा ती खोलून ठेवलीस तर मेंबर तुला खोलतील.
पांढरी टोकं म्हणजे धार गेली. गवताचं पातं कापलं जात नाही, फाटतं, आणि फाटलेलं टोक वाळून पांढरं पडतं. खाली बसून एक पातं उपट आणि नखावर ठेवून बघ, टोक सरळ कापलेलं आहे की झाडूच्या काडीसारखं चिरलेलं. मग इंजिन बंद, चावी खिशात, हातात जाड ग्लोव्ह, आणि वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी रील (फिरणारा पात्यांचा रोळ) आणि खालच्या बेडनाइफच्या (स्थिर सुरी) मध्ये धरून रील हाताने हळू फिरव. डावीकडे, मध्ये, उजवीकडे तिन्ही ठिकाणी कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे. दुमडला किंवा चावल्यासारखा झाला तर तिथे गॅप आहे नाहीतर धार नाही. खूप जण काय करतात, धार गेली की बेडनाइफ अजून घट्ट आवळतात, मग रील गरम होतो, मोटरवर लोड येतो आणि उरलीसुरली धार पण जाते. स्पर्श अगदी हलका पाहिजे.
कागद नीट कापला नाही तर ग्राइंडिंगला पाठवायच्या आधी बॅकलॅपिंग करून बघ. रील उलटा फिरवायचा आणि लांब दांड्याच्या ब्रशने पेस्ट लावायची. लांब दांडा म्हणजे लांबच, माझ्या ओळखीत एकाचं बोट गेलंय. सुरुवातीला खरखर आवाज येतो, मग तो हळूहळू बसत जातो आणि नुसती सळसळ उरते, तेव्हा थांबायचं, पाण्याने सगळी पेस्ट धुवायची आणि परत कागद. अर्ध्या तासाचं काम. बेडनाइफला खाच पडली असेल तर मात्र ग्राइंडिंगशिवाय इलाज नाही, तेव्हा एक एक रील पाठव, तिन्ही एकदम नको. ग्रीनवर वाळू टाकली असेल तर त्या दिवशी चांगला रील लावूच नको, वाळू म्हणजे धारेला जहर.
अजून एक, घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाने काय धूळ आहे ते तुला सांगायला नको. एअर फिल्टर आठवड्याला बघ आणि रेडिएटरची जाळी आतून बाहेर फुंकर, बाहेरून आत फुंकलीस तर कचरा अजून घट्ट बसतो. ब्रशकटर वापरात नसेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नको, आता पंपावर ई२० मिळतं, त्यातलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि कार्बोरेटरची वाट लागते. टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालव. कार्टच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर भर, आधी भरलंस तर उकळून बाहेर येतं. फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच टाक.

खारघरची_हरळी
दादांनी मशीनचं सांगितलं ते बरोबर, पण ठिपके आणि पांढरी टोकं हे दोन वेगळे आजार आहेत. नाण्याएवढे ठिपके आणि पहाटेचं जाळं म्हणजे डॉलर स्पॉट. बुरशी आहे, आणि ती उपाशी गवतावर येते. तुम्ही ऑक्टोबरपासून नत्र बंद केलंत, वर ३ मिमीवर तासलंत, मग ती येणारच ना.
हरळी पूर्ण झोपायला जमीन १० अंशांपर्यंत थंड व्हावी लागते. ठाण्यात तसं होत नाही, रात्री १५-१६ झालं की ती फक्त सुस्तावते. सुस्त आहे पण खातेय, असं समजा. त्यामुळे खत बंद नाही, कमी करायचं. चौरस मीटरला २ ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून, १०-१५ दिवसांनी एकदा. ४०० चौरस मीटरची ग्रीन असेल तर फक्त ८०० ग्रॅम, नंतर हलकं पाणी मारून पातं धुवायचं. रंगासाठी हिराकस लिटरला ३ ग्रॅम फवारा, आधी कडेला एका पट्टीवर मारून बघा, आणि काँक्रीटच्या पाथवर उडू देऊ नका, तांबडे डाग निघत नाहीत. कटिंग ४ मिमीवर न्या.
आता दव. पात्याच्या टोकाला सकाळी जे थेंब दिसतात ते सगळं दव नसतं, गवताने रात्री स्वतः बाहेर टाकलेलं पाणी पण असतं, त्यात साखर असते आणि बुरशीला तेच हवं असतं. तुमच्याकडे टॉवरमुळे ऊन उशिरा येतं म्हणजे ते थेंब तासन् तास बसून राहणार. दोन माळी दोन टोकांना उभे करा आणि लांब पाइप ग्रीनवरून ओढत न्या, नाहीतर लवचिक बांबूने झटका. पाच मिनिटांचं काम आहे, फवारणीपेक्षा स्वस्त. पाणी संध्याकाळी अजिबात नको, पहाटे द्या, रोज थोडं थोडं देण्यापेक्षा एक दिवसाआड खोल. महिन्याभरात ठिपके वाढतच राहिले तर बुरशीनाशक आहेच, पण प्रोपिकोनॅझोलसारखं औषध गवताची वाढही थोडी अडवतं, आधीच सुस्त हरळीवर ते नको वाटतं मला. आणि कोणी राय ग्रासचं (थंडीत हिरवं राहणारं गवत) बी पेरा म्हणालं तर ऐकू नका, फेब्रुवारी संपता संपता इथे ऊन तापतं की ते मरतं आणि टक्कल दिसतं.
पाणी बोअरचं आहे का? खाडीकडचं असेल तर क्षार तपासून घ्या, तो वेगळा विषय होईल.

नेरूळ_आउटफिल्ड
आम्ही क्रिकेटवाले, पण गवत तेच. ताई ४ मिमी म्हणतात ते योग्यच आहे पण मेंबरना सांगणार कोण? बॉल हळू पळतो म्हणून बोंब होणारच. उंची वाढवून हलका रोलर आठवड्यातून दोनदा फिरवा, वेग बराचसा परत येतो आणि कोणाला पत्ता लागत नाही.
आणि हायड्रॉलिकचे पाइप रोज सकाळी बघा. आमच्याकडे एकदा जुना पाइप फुटला, मशीन चालवणारा हेडफोन घालून गाणी ऐकत होता, मैदानाच्या मधोमध ३० फूट सरळ रेघ, दुसऱ्या दिवशी तपकिरी. भांड्यांचा साबण घालून धुतलं, काही उपयोग नाही, गरम तेलाने मुळापर्यंत भाजलं होतं. शेवटी बाजूला वाढवलेल्या नर्सरीच्या तुकड्यातून गवताच्या चकत्या कापून बसवल्या, थंडीत भरायला मार्च उजाडला.

घोडबंदरकर_७
सगळ्यांचे आभार. आज कागदाची टेस्ट केली. ट्रिपलेक्सच्या दोन रील ठीक, तिसरी उजवीकडे लोण्यासारखी कापते आणि डावीकडे कागद नुसता दुमडतो, आणि ज्या ग्रीनवर पांढरं जास्त आहे तिथे पट्टे पण त्याच रुंदीचे दिसतायत, हे मला आधी सुचलंच नाही. पाइप ओढायला माळ्यांना सांगितलं तर ते हसायला लागले, पण ओढला. ४ मिमीचं सेक्रेटरींना सांगितलेलं नाही. बोअरचंच पाणी आहे ताई, सँपल देतो. दादा, पेस्ट आमच्या इथल्या ऑटो स्पेअरवाल्याकडे व्हॉल्व्हची मिळतेय, चालेल ना?

वंगण_दादा
नाही चालणार, ती ग्रीसमधली असते, धुतली तरी चिकटून राहते आणि मग चालू मशीनमध्ये धार खात बसते. पाण्यात विरघळणारी घे, ग्रीनच्या रीलला १२० नंबर. आणि आधी डावीकडचा अ‍ॅडजस्टर पाव पाव फेरा करून कागद कापतोय का बघ, कदाचित पेस्टची गरजच लागणार नाही.