व्हिजिटिंग कार्ड : निळा जांभळा का झाला आणि ‘क्ष’ का फुटला?

प्रश्न – कुंचला, परभणी

मी पुस्तकांसाठी चित्रे काढते आणि पाट्या व लग्नपत्रिकांसाठी अक्षरांकन करते. गेल्या वर्षी घरच्या संगणकावर स्वतःच व्हिजिटिंग कार्ड तयार करून एका छापखान्यात त्याच्या 1000 प्रती काढून घेतल्या. पडद्यावर लखलखीत दिसणारा निळा कागदावर जांभळट उतरला, भोवतालची बारीक चौकट एका कडेला जाड तर दुसऱ्या कडेला जवळजवळ नाहीशी झाली, आणि सर्वांत वाईट म्हणजे ‘अक्षरांकन’ या शब्दातलाच ‘क्ष’ फुटून ‘क्‌ष’ असा छापला गेला. असे कार्ड अक्षरांकन करणारीने कोणाच्या हाती द्यावे? नवी छपाई करण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी?

उत्तर – जुना कंपोजिटर, नांदेड

ताई, तिन्ही दोषांची कारणे वेगवेगळी आहेत. पडदा लाल, हिरवा व निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो, तर छपाई सायन (आकाशी निळी), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळी व काळी अशा चार शायांनी होते. पडद्यावरचा तो लखलखीत निळा या शायांच्या आवाक्यातलाच नाही, आणि सायनच्या बरोबरीने मॅजेंटा पडले की तो जांभळ्याकडे झुकतो. म्हणून फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे याच चार शायांच्या रंगपद्धतीत करावी आणि निळ्यात मॅजेंटा सायनपेक्षा निदान 30 टक्क्यांनी कमी ठेवावे.

चौकटीचा दोष कटिंगचा आहे. गठ्ठ्यावर सुरी पडताना अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होतेच, आणि बारीक चौकट तेवढ्याचीही चहाडी करते. ती काढूनच टाका. आपल्याकडचे नेहमीचे कार्ड साडेतीन बाय दोन इंच, म्हणजे सुमारे 89 × 51 मिलिमीटर असते. पार्श्वभूमीचा रंग चारही बाजूंनी 3 मिलिमीटर बाहेर वाढवावा, ज्याला ब्लीड म्हणतात, आणि मजकूर कडेपासून 4 मिलिमीटर तरी आत ठेवावा.

जोडाक्षरांचे दुखणे जुने आहे. युनिकोड, म्हणजे आजच्या प्रमाण संगणकीय लिपिसंकेतातला मजकूर जोडाक्षरे न जुळवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला की ‘क्ष’ फुटतो आणि पहिली वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसते. फाइल कर्व्ह करून द्यावी, म्हणजे अक्षरे आकृती होऊन जातात. मात्र मग फोन नंबरातला एक आकडाही बदलता येत नाही, तेव्हा मूळ फाइल जपून ठेवावी. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा तपासणीचा नमुना, का पाहिले नाही, हे मी विचारत नाही.

उत्तर – शाईदौत, छत्रपती संभाजीनगर

माझी कार्डे मी हातकागदावर करतो. दौलताबादजवळचा कागजीपुरा त्यासाठी पूर्वापार ओळखला जातो. परंतु त्या खडबडीत कागदावर बारीक छटा उतरत नाहीत. एक रंग, ठसठशीत अक्षर आणि स्क्रीन प्रिंटिंग एवढेच त्याला मानवते. रंगीत चित्र दाखवायचे असेल, तर 300 ते 350 जीएसएमचे (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचे) आर्ट कार्ड, म्हणजे गुळगुळीत जाड कागद घेऊन त्यावर मॅट लॅमिनेशन, म्हणजे बिनचमकीचा पातळ प्लॅस्टिकचा थर, करावे.

उत्तर – बोरू, अंबाजोगाई

लॅमिनेशन करायचेच असेल, तर ते पुढच्या बाजूलाच करावे. मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला व्यापारी कार्ड हाती आले की ते उलटे करून मागे भाव किंवा तारीख लिहितो, आणि लॅमिनेशनवर साधे बॉलपेन नीट उमटत नाही. दुसरे असे, की मराठवाड्यातल्या कलाकाराने कार्डावर पैठणीचा मोर काढलाच पाहिजे असे नाही. विणकामाशी आपला संबंध नसेल, तर तो मोर उसनाच दिसतो. तुम्ही नाव स्वतःच्या हाताने लिहून, स्कॅन करून तेच छापा. तुमच्या कामाचा नमुना आपोआप कार्डावर येईल. फोन नंबर मात्र 9 पॉइंट अक्षर-आकारापेक्षा लहान नको.

कुंचला, परभणी

सर्वांची आभारी आहे. चौकट काढली, निळ्यातले मॅजेंटा उतरवले आणि नाव स्वतःच बोरूच्या लेखणीने लिहायला घेतले आहे. चौदा कागद झाले, ‘क्ष’ची गाठ अजून मनासारखी बसलेली नाही. या वेळी आधी डिजिटल छपाईवर 100 प्रतीच काढणार आहे.