अनुभव धागा: फियॉर्डमध्ये कयाकिंग, पुण्यातून जाणाऱ्यांसाठी

फियॉर्ड म्हणजे उंच कड्यांमधे आत शिरलेली समुद्राची अरुंद, खोल खाडी. न्यूझीलंडचं डाउटफुल साउंड किंवा नॉर्वेचा नेरॉयफियॉर्ड गाठायचा विचार पुण्यातले बरेच जण करतात. ज्यांनी तिथे वल्हं मारलंय त्यांनी तयारी, सामान, वारा आणि काय बिघडतं ते लिहावं. प्रवासवर्णन नको.

कोथरूड

आधी पाण्याचं. पवना-मुळशीच्या पाण्यात पडलात तर पोहत नावेकडे येता. पाणी 15 अंशांखाली असेल तर पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात राहत नाही, नाकातोंडात पाणी जातं. साधारण 10 मिनिटांत बोटं कामातून जातात आणि तासाभरात शुद्ध हरपू शकते. म्हणून कपडे हवेकडे बघून नाही, पाण्याकडे बघून घालायचे. आत लोकर किंवा सिंथेटिक, वर ड्रायसूट (पाणी आत येऊ न देणारा), नाहीतर निदान जाड वेटसूट (ओला झाला तरी ऊब धरणारा). सुती काहीही नको.

आपल्याकडे भाड्याने मिळतात त्या कयाक बहुतेक सिट-ऑन-टॉप, म्हणजे वर उघड्यावर बसायच्या. तिकडे पाय आत घालून बसायचं बंद कॉकपिट आणि त्याचं तोंड झाकणारा, कमरेला घातलेला स्प्रे-स्कर्ट असतो, म्हणून उलटल्यावर बाहेर पडणं इथेच, एखाद्या तलावात परवानगी काढून, घोटवून घ्या. पुढे वाकायचं, स्कर्टचा पुढचा पट्टा आधी पुढे आणि मग वर खेचायचा, दोन्ही हात कडांवर ठेवून मांड्या सोडवायच्या. पट्टा स्कर्टच्या आत दुमडून राहिला तर सापडत नाही. निघण्यापूर्वी तो बाहेर आहे का, हे जोडीदाराने बघायचं.

सिंहगड रोड

वरच्याला जोडून सुटकेबद्दल. एकट्याची नाव असेल तर मदत करणाऱ्याने पालथ्या नावेचं नाक आपल्या डेकवर ओढायचं, पाणी निथळू द्यायचं, मग ती सुलटी करून समांतर धरायची. पडलेल्याने मागच्या डेकवर पोटावर चढून पाय आत घालायचे. सामानाने भरलेली दोघांची नाव अशी उचलायला जाऊ नका, पाठ धरेल. ती पाण्यातच सुलटी करायची, माणसं आत, मग पंप. पंप नावेलाच बांधलेला हवा.

सामानाचा तोल हा दुर्लक्षित विषय. पाणी आणि डबे सीटजवळ, तळाशी. झोपायची बॅग टोकांना. नाक जड झालं की नाव वाऱ्याकडे तोंड वळवत राहते आणि दिवसभर एकाच बाजूला वल्हं मारून खांदा जातो. 60 लिटरची एक पिशवी हॅचमधून (डेकवरच्या सामानाच्या झाकणातून) जातच नाही, त्यापेक्षा 8-10 लिटरच्या अनेक ड्राय बॅगा (पाणी न शिरणाऱ्या पिशव्या) घ्या.

औंध

डाउटफुल साउंड सुमारे 40 किलोमीटर लांब. तिथे सरळ गाडी जात नाही: आधी मानापौरी तलाव बोटीने, मग विल्मट पासचा घाट बसने, आणि उतरायचं डीप कोव्हला. दर्यावर्दी जेम्स कुकने 1770 मध्ये आत शिरणं टाळलं, कारण बाहेर पडायला वारा मिळेल का, याची त्याला शंका होती. वल्ह्यालाही वाऱ्याचाच हिशेब ठेवावा लागतो. उन्हाळ्यात स्वच्छ दिवशी दुपारनंतर समुद्राकडून वारा आत घुसतो, कड्यांच्या मधे कोंडला की जोर वाढतो. त्याच वेळी ओहोटीचं पाणी बाहेर निघालेलं असेल तर लाटा जवळजवळ आणि उभ्या येतात. पहाटे निघा, दुपारच्या आत मुक्कामाच्या जागी. उतरायला जागा क्वचितच, म्हणून पुढची जागा आणि त्याआधीची माघारीची जागा, दोन्ही नकाशावर खूण करून ठेवा.

कड्याला चिकटून जाऊ नका. लाटा आपटून परत येतात आणि पाणी खळबळतं. झाडं तिथे उघड्या खडकावर पातळ शेवाळी मातीत, एकमेकांच्या मुळांच्या आधाराने उभी असतात; मुसळधार पावसानंतर एक सुटलं की आख्खी पट्टी खाली येते.

पाणी गडद, चहाच्या रंगाचं दिसतं, ते घाण नाही. जंगलातून झिरपलेलं गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं आणि उजेड अडवतं. म्हणूनच एरवी खोल समुद्रात राहणारं काळं प्रवाळ तिथे बरंच वर सापडतं. मला तर फियॉर्डची ही गोष्ट कड्यांपेक्षा मोठी वाटते.

बिबवेवाडी

मोबाइलला रेंज नाही, व्हीएचएफ (हातातला रेडिओ) कड्यांमुळे अडतो. पीएलबी (उपग्रहाला संकटाचा इशारा पाठवणारं छोटं यंत्र) लाइफ जॅकेटच्या खिशात ठेवा, नावेत नको.

आणि न्यूझीलंडच्या विमानतळाचं: सह्याद्रीतली माती लागलेले बूट, तंबूच्या खुंट्या ब्रशने घासून वाळवून न्या. खाण्याची प्रत्येक वस्तू प्रवेशाच्या डिक्लरेशनमध्ये जाहीर करा, मध अजिबात नको. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तिथेच घ्या. सँडफ्लाय (चावऱ्या बारीक माश्या) थांबलात की चावतात, वल्हं चालू असताना फारसा त्रास नाही. डोक्यावरची जाळी वरच्या खिशात ठेवा.