मदत हवी आहे: सॅटेलाइट जॅम करणं म्हणजे हल्ला धरतात का?
मंडळी, अंतराळातल्या युद्धावर वाचतोय, एका ठिकाणी अडकलोय. 1967 च्या अंतराळ कराराने कक्षेत अण्वस्त्रं ठेवायला बंदी आहे पण जमिनीवरून मिसाइल सोडून सॅटेलाइट फोडायला थेट मनाई नाहीये, म्हणून तर चीनने 2007 ला, अमेरिकेने 2008 ला, भारताने 2019 ला आणि रशियाने 2021 ला स्वतःचेच सॅटेलाइट उडवले, माझ्या मते तो राजकीय इशाराच होता. चीनच्या टेस्टचे 3000 हून जास्त तुकडे झाले, ते कोणाचा झेंडा बघून आदळणार नाहीत, याची खरंच काळजी वाटते. पण नुसतं जीपीएस जॅम केलं, लेझरने कॅमेरा आंधळा केला, तुटलं काहीच नाही, तर समोरचा देश त्याला युद्ध मानून उत्तर देऊ शकतो का? ठरवणार कोण? कायद्याचा किंवा डिफेन्सचा अभ्यास असलेल्यांनी प्लीज सांगा.