मदत हवी आहे : राष्ट्रगीताच्या शेवटी कीबोर्ड आणि मुलं फाटतायत (खारघर)

मैत्रेयी_खारघर : सोसायटीच्या झेंडावंदनाला मुलं दोन आवाजांत (काही जण मूळ चाल, काही जण सोबत वेगळे सूर) राष्ट्रगीत म्हणणार आहेत. सगळं मस्त बसलंय, फक्त शेवटच्या 'हे'ला घाण वाटतं. मोठी माणसं वरच्या 'जय हे'ला किंचाळतात ते वेगळंच. 26 तारीख तोंडावर आलीये, पटकन सांगा.

सुरपेटी : पट्टी कुठली, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरता? शेवटी कीबोर्डवर काय वाजतं?

मैत्रेयी_खारघर : पट्टी सगळे वाजवतात तीच!

जुना_ठाणेकर : दोन आवाज हवेत कशाला? राष्ट्रगीत आहे, गॅदरिंग नाही. 52 सेकंदांत सरळ म्हणायचं नि सावधान.

सुरपेटी : काका, 52 सेकंद वेळ झाली. सगळ्यांनी एकच सूर लावा असं कुठे म्हटलंय? बँडमधली सगळी वाद्यं काय एकच सूर वाजवतात? मैत्रेयीताई, पट्टी सांगा हो.

मैत्रेयी_खारघर : पांढरी एक, म्हणजे सी हा सा. वाजवणारा नववीतला आहे, शेवटी सी कॉर्ड (सा, ग, प एकत्र) दाबून बसतो.

सुरपेटी : मग तिथेच गोची आहे. ही चाल सा वर संपतच नाही. 'जय जय जय जय हे' हे सा सा रे रे ग ग, रे ग म असं चढतं आणि मध्यमावर सुटतं. खाली सी कॉर्डातला ग चालू राहिला की तो म ला टोचणारच. शेवटच्या 'हे'ला एफ कॉर्ड द्या : म, ध, सा. दुसऱ्या आवाजाने तिथे नुसता सा धरला तरी चालेल. आणि मोठी माणसं किंचाळू नयेत म्हणून कीबोर्डवर ट्रान्सपोज -2 करा, सगळं दोन पट्ट्या खाली येईल. काळी पाच होईल, पोराला बोटं बदलायला नकोत.

घणसोली_गायक : कीबोर्ड काढूनच टाका. पेटी घ्या.

सुरपेटी : पेटीवर सा ग प दाबलं तरी तेच होणार, राव.

जुना_ठाणेकर : राज्यगीत घेताय का? 2023 पासून आहे. राजा बढ्यांचे शब्द, खळ्यांची चाल. ते बसवा आधी.

मैत्रेयी_खारघर : काका, ते बसलंय. एफ करून बघितलं, जमतंय! पण आता दुसऱ्या आवाजातली पोरं सा सोडून म वर पळतात.

सुरपेटी : त्यांना कीबोर्डच्या बाजूला उभं करा. सराव कुठे करता?

मैत्रेयी_खारघर : पोडियमवर.

नेरुळ_सेक्टर : स्पीकरची परवानगी काढलीत का? आमच्याकडे बी विंगवाल्यांनी गेल्या वर्षी कटकट केली होती.