बडोदा की छायापुरी? आई-बाबांचं तिकीट बदलू का?

पोहेवाली: मंडळी, पुढच्या आठवड्यात आई-बाबा उज्जैनहून येताहेत. दादाने तिकीट काढलंय, आता बघते तर उतरायचं स्टेशन छायापुरी! गाडी पहाटे येते. बाबा पंचाहत्तरीचे, आईचे गुडघे कुरकुरतात. रद्द करून अवंतिका एक्सप्रेसचं काढू का?

दांडियाबाजारकर: दादाला बोल लावू नका. गाडी पुढे अहमदाबादला जात असणार. उज्जैनकडून येणारी रतलामची आणि अहमदाबादची, दोन्ही लाइनी आपल्या स्टेशनच्या उत्तरेलाच फुटतात. म्हणजे गाडी आत आली की आल्या वाटेनेच परत. त्यासाठी इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावायचे. लहानपणी आम्ही तेवढ्यात खाली उतरून चहा घ्यायचो, इंजिन लागताना असा दणका बसायचा की अर्धा कप बाबांच्या धोतरावर. 2020 मध्ये रतलामच्या लाइनीवर, शहराच्या उत्तरेला छाणीला छायापुरी स्टेशन सुरू झालं. तिथून अहमदाबादच्या लाइनीवरच्या बाजव्याकडे जोडलाइन आहे, गाडी परस्पर निघून जाते. रेल्वेचा वेळ वाचला, आपली रिक्षा वाढली!

अवंतिका मुंबईची, ती बडोद्यालाच येते, पण रात्री उशिरा. तरी मी तीच घेईन. सरकता जिना आहे, बाहेर पडलं की समोर सयाजीगंज, वाहनांना तोटा नाही.

गरनाळाग्रस्त: समोर सयाजीगंज खरं, पण पाऊस असेल तर अलकापुरीच्या बाजूने गाडी घेऊन जाऊ नका. गरनाळं, म्हणजे रुळांखालचा रस्ता, तुंबलं की तासभर तिथेच. पोहेवालीताई, तुम्ही राहता कुठे?

पोहेवाली: निझामपुऱ्यात.

गरनाळाग्रस्त: अहो मग कसला विचार करताय! छाणी तुम्हाला जवळ. तिकीट तसंच ठेवा.

दांडियाबाजारकर: हे आधी सांगायचं ना. माझा सल्ला मागे.

सूनबाई_बडोदा: फक्त घ्यायला स्वतः जा. मी मागच्या दिवाळीत पहाटे उतरले तेव्हा बाहेर दोनच रिक्षा होत्या, भाडं मागितलं ते ऐकून झोप उडाली. आणि बाबांना बजावून ठेवा, छायापुरी म्हणजेच आपलं. आमचे मामंजी 'बडोदा येऊ दे' म्हणत बॅग मांडीवर घेऊन बसून राहिले. फोन आला तो पुढच्या आणंदहून.