मदत हवी आहे: काळ्या पाण्यावर गेलेल्या खापरपणजोबांचा माग कसा काढावा?

नमस्कार मंडळी. आमचं गाव अमळनेर तालुक्यात. आजी नेहमी सांगायची, "त्याले काया पानीवर धाडेल व्हतं." तो म्हणजे माझे खापरपणजोबा, सोनू. का धाडलं, हे विचारलं की आजी विषय बदलायची.

भाऊबंदांत गोष्ट अशी की सोनूने इंग्रजांशी दोन हात केले आणि तो सेल्युलर जेलात मेला. चुलतभाऊ अंदमानच्या टूरला गेला तेव्हा जेलमधल्या पाट्या वाचून आला. नाव नाही. आणि असणार तरी कसं? गेल्या वर्षी जुन्या फेरफाराची नक्कल काढली. मोडीत होती, ओळखीच्या एका गुरुजींनी वाचून दिली. नोंद 1912 ची: सोनू वलद राघो (म्हणजे राघोचा मुलगा सोनू) यास काळेपाण्याची सजा होऊन तीस वर्षे झाली, खबर नाही, सबब मुलाचे नाव लावले. म्हणजे शिक्षा साधारण 1882 ची. सेल्युलर जेलचं बांधकाम 1896 ला सुरू झालं आणि 1906 ला संपलं! हे सांगितल्यापासून दोन काका माझ्याशी नीट बोलत नाहीत.

माझा अंदाज वेगळा आहे. त्याच गटाच्या बांधावरून आमचं शेजारच्या घराशी पिढीजात वैर आहे, आजही त्यांच्याकडचं पाणी आम्ही पीत नाही. बांधावरून खून झाला असावा. मला सोनूला क्रांतिकारक करायचं नाही, मानधन तर नकोच. खटला काय होता आणि माणसाचं पुढे काय झालं, एवढंच हवंय.

एका कार्यालयात गेलो तर म्हणाले केस नंबर आणा. केस नंबर कागदात, कागद त्यांच्याकडे. जाणकारांनी वाट दाखवावी.

प्रतिसाद १

दादा, आधी एक गाठ सोडवा. काळं पाणी म्हणजे सेल्युलर जेल नव्हे. पोर्ट ब्लेअरची वसाहत मार्च 1858 पासूनची. त्याआधी मुंबई इलाख्यातले कैदी सिंगापूर, पिनांगकडे जात. 1882 चा माणूस म्हणजे पोर्ट ब्लेअरच धरा, आणि तिथे बहुतेक कैदी खून-दरोड्याचेच होते.

जळगावला शोधू नका. पूर्व आणि पश्चिम खानदेश 1906 साली वेगळे झाले, त्याआधी सगळ्या जिल्ह्याचं मुख्य ठाणं धुळे. सत्र खटला तिथलाच असणार. अपील झालं असेल तर मुंबई हायकोर्ट. इलाख्यातले काळ्या पाण्याचे कैदी आधी ठाण्याच्या तुरुंगात ठेवत, तोही धागा धरा.

मुंबईत काळा घोड्याला पुराभिलेख खात्यात न्याय खात्याचे खंड आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृह खात्याची पोर्ट ब्लेअर शाखा आहे, त्यातलं बरंच 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतं. आडनाव टाकून काही मिळणार नाही, त्या काळी कागदावर आडनाव नसे. 'सोनू वलद राघो' हेच शोधा, आणि इंग्रजीत वलदची पाच-सहा स्पेलिंगं करून बघा. धुळ्याचं 'धूलिया' करा, खानदेश 'के'ने आणि 'सी'ने दोन्ही. पोर्ट ब्लेअरच्या मूळ दप्तराची आशा कमी ठेवा, 1942 ते 1945 बेटं जपान्यांच्या ताब्यात होती.

अजून एक. चांगल्या वर्तणुकीवर कैद्याला काही वर्षांनी 'टिकीट' मिळे. मग तो स्वतःची शेती करी, तिथल्या कैदी बाईशी लग्न लावी. त्यांची पोरं म्हणजे आजचे 'लोकल बॉर्न'. तुमचे भाऊबंद तिकडेही असू शकतात. काकांना हे आत्ताच सांगू नका.

प्रतिसाद २

जमीन तुमच्याकडे राहिली कशी, हे तपासा. पिनल कोडाच्या 61-62 कलमांत गुन्हेगाराची मालमत्ता सरकारजमा करायची सोय होती, ती 1921 साली गेली. कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेत तहसीलवाल्यांनी जुनी कोतवाल बुकं (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या) स्कॅन केलीत, त्यात गावातल्या त्या सुमाराच्या मयतांत कोणी 'मारला गेला' अशी नोंद आहे का बघा. तिथून महिना-वर्ष मिळालं की कोर्टाला तारीख देता येईल.

आणि त्र्यंबकेश्वरला तुमच्या उपाध्यायांची वंशावळीची वही पाहिलीत का? बारा वर्षं खबर नसली की माणूस गेला असं धरून पालाशविधी, म्हणजे पुतळा करून त्याचे अंत्यसंस्कार करतात. केला असेल तर त्यात सोनूचं नाव येईल.

धागाकर्ता

दोघांचे आभार. कालच आत्याला फोन केला. म्हणाली, कसला विधी? खापरपणजी 1930 च्या आसपास गेली, ती कपाळावर कुंकू घेऊन. गावात लोक नावं ठेवत, तिने पुसलं नाही. म्हणजे त्र्यंबकच्या वहीत विधी नसणार, तरी पणजोबा कधी त्र्यंबकला जाऊन आले असतील तर त्यांच्या बापाच्या नावापुढे 'कैलासवासी' लिहिलंय की नाही ते बघून येतो.

कोतवाल बुकाचं सोमवारी बघतो. मयत शेजारच्या घरातला निघाला तर नक्कल इथे टाकू की नको, तेवढं सांगा. त्यांचा नातू माझ्या वर्गात होता.