गल्लीतली घरं वरून बघून नकाशावर काढावीत का?

गल्लीकर: कॉलेजच्या पोरांचं शिबिर घेऊन ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे स्वयंसेवकांनी मिळून काढलेल्या खुल्या नकाशावर, बेळगावच्या खडे बाजारापासून शहापूरपर्यंतची घरं काढायचा बेत कानावर आलाय. घरी बसून, हवाई चित्रातली छपरं गिरवून. माझा विरोध आहे. आमच्याकडं घराचं तोंड अरुंद, लांबी मागं परसापर्यंत, मधे चौक आणि दोन घरांत एकच भिंत. तिघा भावांच्या वाटण्या झाल्या तरी कौलांचा आढा सलगच राहतो. वरून बघणारा एक चौकोन मारून मोकळा होणार. नकाशात रिकामी जागा दिसली तर माणूस निदान चौकशी करतो. चुकीचा चौकोन मात्र खराच धरतो.

मार्कंडेयकाठ: २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्सचा धड नकाशा नव्हता. जगभरच्या लोकांनी अशीच चित्रं बघून रस्ते, पडलेल्या इमारती काढल्या, मदतपथकांनी तोच नकाशा वापरला. आपल्याकडचं ऑगस्ट २०१९ चं पुराचं पाणी विसरलात काय?

गल्लीकर: तिथं काहीच नव्हतं. इथं सिटी सर्व्हे आहे, उतारे आहेत.

मार्कंडेयकाठ: आहेत की! पण ते या खुल्या नकाशावर उतरवायची परवानगी कुणी दिलीय? गुगलवरूनही घेता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या बिंग नकाशानं २०१० मध्ये आपली चित्रं गिरवायला मोकळी केली, म्हणून हे काम चालतं.

टिळकवाडी_मॅपर: खरी अडचण वेगळीच आहे. कॅमेरा बरोबर डोक्यावर नसतो, त्यामुळं पाच मजली अपार्टमेंटचं छप्पर एका बाजूला सरकलेलं दिसतं. नवखा तिथंच रेघ मारतो आणि इमारत रस्त्यात येते. छपराचा आकार काढून तो ओढत जोत्यावर आणायचा असतो. त्याआधी अख्खं चित्रच किती सरकलंय ते लोकांनी फिरताना जीपीएसवर नोंदवलेल्या वाटांशी ताडून बघायचं. बिंगच्या आणि एस्री या दुसऱ्या नकाशा-कंपनीच्या चित्रात एकच घर काही मीटर इकडंतिकडं असू शकतं. हे शिकवलं नाही तर शिबिर म्हणजे नुसतं वडापाव आणि सर्टिफिकेट.

शहापूरची_सून: मायक्रोसॉफ्ट, गुगल आता मशीनकडूनच घरं काढूलालेत की ओ. पोरांना कशाला राबवायचं?

टिळकवाडी_मॅपर: सुट्या बंगल्यांना मशीन ठीक. दाट गल्लीत ते सगळी ओळ एकाच लादीसारखी काढून ठेवतं.

भावकीग्रस्त: उद्या कुणी याचीच प्रिंट हद्दीच्या भांडणात पुढं केली तर?

मार्कंडेयकाठ: करू दे. हद्दीला मोजणी लागते, स्वयंसेवकांच्या रेघा नाहीत.

गल्लीकर: बरं, बळ्ळारी नाल्याकाठी पुरामुळं घाई आहे, तिथं काढा. पण वडगावात घरावरही पत्रा आणि मागाच्या शेडवरही पत्रा. माणसं कुठं झोपतात आणि कुठं नुसते यंत्रमाग, हे वरून कोण ओळखणार? बोट आधी कुठं पाठवणार?

शहापूरची_सून: आमच्यात पुढं माग, मागं आम्ही. एकाच पत्र्याखाली. आता काढा कसं काढतासा ते!

मार्कंडेयकाठ: म्हणून तर आकार पोरांनी काढायचे आणि नोंद तुम्ही करायची. मिसिंग मॅप्स या मदतसंस्थांच्या नकाशा-उपक्रमाचं काम २०१४ पासून असंच चालतं, लांबून रेघा आणि मग गावकऱ्यांकडून नावं.

गल्लीकर: क्रम उलटा करा. आधी गल्ली फिरा, दारं मोजा, मग गिरवा. पेठेपुरता तरी मी हटत नाही.

शहापूरची_सून: या की दारं मोजायला. माग चालू असला की हाक ऐकू येत नाही, कडी जोरात वाजवा.